थंडीच्या देशातला मुलगा

"कुणाची काही विनंती?" रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं आणि नेहमीप्रमाणे मशीनवाले काका उठले. समोरच्या बाकाची कड धरून म्हणाले, "माझ्या मुलासाठी प्रार्थना करा. तिकडे परदेशात यंदा फार थंडी आहे म्हणतात."

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्या थंडीसाठी मनापासून प्रार्थना केली. मुलगा परदेशात नाही, शहराबाहेरच्या तुरुंगात आहे, हे अख्ख्या मंडळीला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला होता. असल्या गोष्टी कुठं लपतात होय!

काका घरोघर जाऊन शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. बायको गेल्यावर पोराला त्यांनी एकट्यानं वाढवलं. आईचं सगळं केलं, वेण्या घालायच्या तेवढ्या राहिल्या, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो.

आमच्यात एक निवृत्त नर्सबाई होत्या. महिन्यातून एकदा त्या कैद्यांना भेटायला जायच्या, साबण वाटायच्या. पोरानं तिथं त्यांचे पाय धरले. "बाई, तुम्हाला कळलंय हे पप्पांना कळू देऊ नका. चर्चमध्ये मान वर करून बसतात, तेवढं एकच राहिलंय त्यांचं." बाईंनी येऊन आम्हाला दमच दिला, "कुणी ब्र काढायचा नाही."

नाही काढला. उलट असं नाटक वठवलं की विचारू नका. गायनमंडळातल्या एका शहाण्यानं "काका, तिकडे आत्ता किती वाजले असतील हो?" असं विचारलं, तर त्याच्या बायकोनं असा चिमटा काढला की पुढचं गीत तो वरच्या सुरात गायला. मी स्वेटर विणला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, म्हणाले, "पार्सल करतो." पुढच्या महिन्यात नर्सबाई सांगत आल्या, "अगं, तुझा स्वेटर घातलाय पोरानं. बाह्या आखूड झाल्यात बघ." मला कोण आनंद झाला! झाकून घेणं म्हणजेच प्रीती, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग नर्सबाईंचे गुडघे सुजले आणि त्यांचं तिकडे जाणं बंद झालं.

त्यानंतरच्या एका रविवारी काकांना उठायला वेळ लागला. त्यांच्या चपलांना माती होती. "माझ्या मुलासाठी..." म्हणाले आणि थांबले. कुणीकुणी सवयीनं डोळे मिटलेसुद्धा.

"नको, डोळे उघडा," काका म्हणाले. "मला तुमच्या तोंडाकडे बघून सांगायचंय. माझा मुलगा परदेशात नव्हता. तुरुंगात होता. मी खोटं बोलत होतो, इथं, देवाच्या घरात. त्याला न्यूमोनिया झाला. परवा गेला."

काकांनी बाकाची कड पुन्हा धरली.

"तुरुंगाचे साहेब विचारत होते, नेता का तुमच्या लोकांत? मी म्हटलं, माझं कुणी नाही, इथंच पुरा. आणला असता तर तुम्हाला कळलं असतं ना. पेटी उचलायला दोन शिपाई आणि मी. चौथा मिळेना, मग ज्यानं खड्डा खणला त्यालाच हात लावायला सांगितलं. प्रार्थना मीच केली. मला कुठं येते नीट... मध्येच विसरलो."

नर्सबाईंना राहवलं नाही. काठी टेकत उठल्या. "अरे लेकरा, आम्हाला ठाऊक होतं रे. पहिल्यापासून."

त्यांना वाटलं, एवढ्यानं काकांचं ओझं उतरेल. मलाही तसंच वाटलं. काकांनी एकेका बाकाकडे पाहिलं. माझ्याकडेही.

"सगळ्यांना?"

नर्सबाईंनी मान डोलावली.

"मग मला सांगायचं नाही का हो?" रागावले नव्हते ते. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्हाला ठाऊक होतं, तर मी त्याला एकट्यानं का पुरलं?"

आम्ही इतकं बेमालूम झाकलं होतं की, त्या माणसाला खरं सांगायला फटसुद्धा ठेवली नव्हती. पाळकसाहेब खाली आले. ते काकांशेजारी बाकावर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. "चुकलो, काका." शेवटी काकाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

उपासना तिथंच संपली. नर्सबाईंना रिक्षात बसवलं आणि आम्ही सगळे तुरुंगामागच्या त्या जागेवर गेलो. एवढी माणसं पाहून पहारेकरी बावचळला. क्रूस नव्हता, दगड नव्हता. नुकती लोटलेली माती, पावलांनी तुडवून सपाट झालेली, आणि भोवती गवत. आम्ही दाटीवाटीनं उभे राहिलो. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं.

काकांनी माझ्या कोपराला हात लावला.

"जरा इकडे सरका, ताई," ते हळूच म्हणाले. "तिथं त्याचे पाय आहेत."