ढवळकांडीवरचा डाग

चाळिशी उलटली तरी घरात तिला चिमणीच म्हणत. प्रयोगशाळेत मात्र ती बाई होती, आणि अलीकडे तर फारच मोठ्या बाई. बियांच्या तेलाचं डिझेल साठवलं की चिकट होतं, गाड्यांच्या गाळण्या तुंबवतं. त्यात हायड्रोजन मुरवला तर टिकतं, पण जरा जास्त मुरला की थंडीत मेणासारखं गोठतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी तांब्याच्या भुकटीचा उत्प्रेरक केला आणि हायड्रोजन हवा तेवढाच मुरला.

तिचा दादा बस चालवायचा. आगारप्रमुखांचं डोकं खाऊन त्यानं स्वतःची बस चाचणीसाठी मिळवली आणि गावभर मिरवला.

मग काय, एवढं मोठं काम म्हणून बाईंनी जुनी भांडीकुंडी मोडीत काढली, नवी कोरी आणली. आणि हायड्रोजन मुरेचना. तेल तेच, तांबं तेच. बाई घासत राहिल्या, डिझेल रुसत राहिलं. स्वच्छतेचं असलं बक्षीस कुणाला मिळू नये.

शेवटी मोडीच्या खोक्यातली एकेक वस्तू परत वापरून बघितली. जुनी ढवळकांडी, म्हणजे पात्रात फिरणारी चुंबकाची कांडी, टाकली आणि काम फत्ते. कांडीवर करडा डाग होता. ती कधीतरी शेजारच्या टेबलावरून उसनी आणलेली, आणि तिथे पॅलेडियम वापरत, हायड्रोजन मुरवण्यात तांब्याहून कितीतरी तेज असलेला धातू. हार तांब्याच्या गळ्यात पडला होता, राबला होता तो डाग. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, चाचणी थांबवायला हवी," तिनं घरी सांगितलं. "ते तांब्यानं झालंच नव्हतं."

"आता सांगतेस? मी आगारात तोंड कसं दाखवू?"

"मी येते ना. मीच सांगते."

आणि तिनं सगळ्या ड्रायव्हरांदेखत सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं. "कशानं होतं ते कळलं की या," आगारप्रमुख म्हणाले आणि बस चाचणीतून काढून घेतली. परतताना दादा तिच्या चार पावलं पुढेच चालत राहिला.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नुसतं तांबं ढिम्म हलेना. नुसतं पॅलेडियम इतकं उतावीळ, की डिझेल गोठवूनच थांबलं. मग तांब्यावर पॅलेडियमचा नखभर अंश चढवला आणि नव्या, लख्ख कांडीनं ढवळलं. जमलं. विश्वास बसेना म्हणून परत केलं. परत जमलं. दोघांचा संसार होता तर, एकट्याचं काम नव्हतंच.

कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी टाकीत हे नवं डिझेल भरून बस पुन्हा तिच्यासमोर उभी राहिली. दादानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, आणि लागलं.

"रिकामीच एक चक्कर मारून आणा," आगारप्रमुख म्हणाले.

"नको साहेब. सकाळची फेरी हिच्यावरच करतो."

"वाटेत बंद पडली तर?"

"पडायची असती तर माझ्या बहिणीनंच आधी येऊन सांगितलं असतं," दादा म्हणाला. "मागच्या वेळी सांगितलं तसं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पुसलं नाही. आगारप्रमुखांनी जरा विचार केला आणि मान हलवली. दादानं दार उघडलं आणि लोक चढू लागले.