गुलाबाईच्या खाऊचा डबा

मी गुलाबाईच्या खाऊचा डबा बोलतोय. पितळेचा आहे, झाकण घट्ट आहे आणि डोकं फिरलेलं आहे. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

बऱ्हाणपूरच्या तांबटाने मला घडवलं आणि कोकिळाबाईंच्या लग्नात मी त्यांच्या सासरी, दापोऱ्याला आलो. भादव्याच्या पुनवेला गुलाबाईची मातीची मूर्त बसली की महिनाभर पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणतात. शेवटी घरच्या खाऊवालीने झाकलेला डबा हलवायचा आणि आतला खाऊ त्यांनी ओळखायचा. "गोड का तिखट?" विचारतात, डोकं खाजवतात, "हरलो" म्हणतात, मगच झाकण उघडतं. कोकिळाबाई गोड रव्याच्या सांजोऱ्या केळीच्या पानात अशा गच्च बसवत की मी मुकाच होऊन जायचो. तो माझा मोठा तोरा होता.

नवा मध्यप्रदेश झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांची कुसुम बऱ्हाणपूरच्या कॉलेजात गेली. तिथे विद्यापीठाने लोककलेचा सोहळा ठरवला. हिंदीवाले, मराठीवाले, सगळे एका मंचावर आले म्हणजे देश एक होणार, असं काहीतरी होतं. कार्यक्रम बसवणारे अरविंद सर म्हणाले, "कुसुम, तुमच्याकडची गुलाबाई ठेवू. एकदम बढिया होईल." कुसुम हरखली. शहरातल्या पोरी तिच्या बोलण्याला हसायच्या. आता त्याच तिच्या घरचा खाऊ ओळखणार होत्या.

कोकिळाबाईंनी पहाटे उठून सांजोऱ्या तळल्या. "कोनी वळखलं त सांगजो मले," म्हणाल्या.

कार्यक्रमाआधी सरांनी मला हलवून पाहिलं. "आवाजच येत नाही याचा. माइकवर काय ऐकवणार?" सांजोऱ्या पाहुण्यांच्या चहाबरोबर गेल्या आणि माझ्या पोटात अंगणातले खडे पडले. सर कुसुमला शहरातल्या एका पोरीकडे बोट दाखवून म्हणाले, "उषा तिसऱ्यांदा लाडू म्हणेल. तू 'ओळखलं' म्हण, बस." मला शिसारी आली. मंचावर गुलाबाईचं तोंड पाहुण्यांकडे केलेलं आणि पोरी तिच्याकडे पाठ करून नाचत होत्या. ज्यांच्यासाठी हा थाट, ते पान चघळत बसले होते.

उषा म्हणाली, "लाडू!"

कुसुम थांबली. खाऊवालीने खोटं बोलायचं नसतं. "नाही," ती म्हणाली. "हरल्या तुम्ही."

"मग काय आहे?" उषा खरंच गोंधळली होती.

"खडे." कुसुमने मला मंचावर उपडं केलं.

रडवेली होऊन बोलली होती पोर, पण लोक पोट धरून हसले. पाहुणे "वाह, क्या बात है" म्हणाले. त्यांच्या मिशीला सांजोरीचा रवा चिकटला होता. पहिलं बक्षीस मिळालं आणि ते सरांनी हसत हसत घेतलं.

घरी कुसुमने आईला बक्षिसाचं तेवढं सांगितलं. पण दापोऱ्यात बातमी आधीच पोचली होती. दुसऱ्या संध्याकाळी अंगणात कोकिळाबाईंनी मला हलवलं, तर गोड का तिखट कोणी विचारलंच नाही. शेजारची मालू लगेच म्हणाली, "खडे!" सगळ्या खिदळल्या. कुसुम उठून आत गेली, आणि तेव्हा कुठे कोकिळाबाईंच्या लक्षात सगळं आलं.

तेव्हापासून मी फळीवर आहे, पोटात वाती भरून. इतका किळसलोय की झाकण उघडलं तरी अंगावर येतं. मला पुन्हा कुठल्या मंचावर नेऊ नका, माझं नावही घेऊ नका. फक्त त्या दिवशी चहाबरोबर सांजोऱ्या खाल्लेलं कोणी असेल, तर एकदा दापोऱ्याला या आणि त्या कशा झाल्या होत्या ते सांगा. कोकिळाबाई अजून कुसुमला विचारतात, आणि तिने तर चाखलीही नव्हती.