निरोपाची कॉफी

त्या दिवशी आमच्या घरच्या संताचा सण होता. या सणाला आम्ही कुणाला बोलावत नाही, आणि आलेल्याला जा म्हणत नाही. सगळ्या त्सेटिन्येला हे माहीत. म्हणून सकाळीच रशियाचा राजदूत येऊन बसला. ते कळल्यावर ऑस्ट्रियाचा आला. गाव एवढंसं, पण आमच्या डोंगरी देशाची राजधानी, म्हणून राजदूत झाडून सगळ्या बड्या देशांचे. एक शिंकला की दुसरा रुमाल काढतो.

माझी धास्ती वेगळीच होती. दुपारी बाबांचे मित्र लाबुदकाका येणार होते, आपली लेक इकोनिया मला द्यायची की नाही ते सांगायला. माणूस तिरसट. मान कमी पडला की तसाच घोड्यावर बसणारा. आणि आमच्याकडे खुर्च्या दोनच.

"हे उठत का नाहीत?" मी आईला विचारलं.

"आधी उठेल तो हरला," आई म्हणाली. "बाल्कन कुणाचं ते आज आपल्या खुर्च्यांवर ठरतंय."

शेवटी तिने निरोपाची कॉफी टाकली. बिनसाखरेची. ती हातात आली की आमच्याकडचा पाहुणा टोपी शोधतो. रशियन प्यायला, म्हणाला, "उत्तम." ऑस्ट्रियनने लगेच दुसरा कप मागितला. मग रशियनने तिसरा.

"हाकललेलं कळत नाही यांना," बाबा स्वयंपाकघरात पुटपुटले.

"दुसऱ्यांच्या मुलखातून हाकललेलं तरी कुठे कळतं," आई म्हणाली.

तेवढ्यात लाबुदकाका आले. बाबांनी त्यांना लाकडाच्या पेटीवर बसवलं. गडबडीत आईने त्याच भांड्यातली कॉफी त्यांच्या हातात दिली. एक घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आल्या आल्याच?" म्हणाले, आणि उठले.

ते उठले तसे दोन्ही राजदूतही उठले. आधी उठणारा तिसराच निघाला होता, आता दोघांतलं कुणीच हरत नव्हतं. मग दारात पुन्हा आधी कोण? दोघे एकदमच घुसले, अडकले, आणि तिरके होऊन बाहेर पडले.

काका बघतच राहिले. "कधीपासून बसले होते?"

"सकाळपासून," मी म्हणालो. "ती कॉफी त्यांचीच होती, काका. तुमची नव्हती."

ते मिशीत हसले. रशियाच्या खुर्चीत बसले, ऑस्ट्रियाच्या खुर्चीवर पाय टाकले.

"म्हणजे दोन साम्राज्यं मी उठवली?"

"एका घोटात."

"वहिनी, आता साखर घालून कॉफी टाका," ते आईला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू, हे लग्नात सगळ्यांसमोर सांगायचं. नीट, पहिल्यापासून."