चार दशांश सेकंद

खाली ताईचं शिवणकामाचं दुकान आणि वर तिच्या धाकट्या भावाची खोली. खालून मशीनचा खडखडाट वर यायचा, वरून कीबोर्डची टकटक खाली जायची, आणि दोनपैकी एक आवाज फार वेळ बंद राहिला की दुसरा माणूस जिन्यापाशी येऊन चाहूल घ्यायचा. दोघंही चाळिशी ओलांडलेली. एकमेकांची काळजी वाटते असं तोंडाने म्हणायची या घरात पद्धत नव्हती.

ताई भावाला पाऊणराव म्हणायची, आणि ते काही उगीच नाही. गडी कुठलंही काम पाऊण हिश्श्यापर्यंत जीव ओतून करणार आणि तिथे थांबणार. खिडकीच्या चौकटीच्या तीन बाजू रंगवलेल्या, चौथी तशीच. पुस्तकांच्या फळीला तीन स्क्रू, चौथा गेली सहा वर्षं टेबलावरच्या कपात. विचारलं तर म्हणायचा, झालं म्हटलं की लोक विसंबून राहतात. त्यापेक्षा चालू आहे म्हटलेलं बरं.

पोटापाण्यासाठी तो एका गोदामवाल्या कंपनीचे प्रोग्राम सांभाळायचा. ते दुपारपर्यंत. दुपारनंतरचा वेळ पाटीचा. पाटी म्हणजे त्याने लिहिलेला प्रोग्राम. टॅबच्या पडद्यावर चित्रं दिसतात, पाणी, भूक, जेव, दुखतंय, हो, नाही, नको, आई, काका. ज्या चित्रावर बोट ठेवावं तो शब्द पाटी मोठ्याने बोलते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी. ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली होती. कोणीही घ्या, वापरा, आतली एकेक ओळ वाचा, पटलं नाही तर बदला, दमडी द्यायला नको. कोणकोणत्या देशांतली माणसं ती वापरत होती हे त्याला नीटसं माहीत नव्हतं. कळायचं ते तक्रारी आल्या की. जे नीट चालतं त्याचं पत्र कोणी लिहीत नाही.

पाटी त्याने नऊ वर्षांपूर्वी आईसाठी लिहिली होती, तीन आठवड्यांत. अर्धांगाचा झटका येऊन आईची वाचा गेली होती आणि ती दिवसभर छताकडे बघत पडायची. पाटी आल्यावर ती पहिला शब्द बोलली तो "जेव." दोन महिने ती पाटीवरून दोघांना रागवत होती, चहा मागत होती, खिडकी लाव म्हणत होती. मग ती गेली आणि पाटी राहिली.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. प्रोग्रामला आवृत्तीचा आकडा असतो. आकडा शून्याने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ, बाबांनो, काम कच्चं आहे, बिघडलं तर मला बोल लावू नका. एकचा आकडा म्हणजे शब्द दिला. पाटीचा आकडा नऊ वर्षांनंतरही शून्य पूर्णांक अडतीस होता. पुढे एक लिहायला याचा हात धजत नव्हता. कारण विचारलं तर तो न सुटलेल्या तक्रारींची यादी दाखवायचा, एकेचाळीस होत्या. ताईला खरं कारण ठाऊक होतं. पाटी पूर्ण झाली की आईसाठी करायचं काहीच उरणार नव्हतं.

अशात एका सोमवारी एका शाळेतल्या बाईंचा मेल आला. शरीरावर ताबा नसलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलांची ती शाळा, आणि बाई तिथे मुलांना बोलतं करण्याचं काम करायच्या. चार वर्षं त्यांची मुलं पाटी वापरत होती. बाईंनी लिहिलं होतं की वरच्या कार्यालयाचा नवा नियम आलाय, शाळेच्या मशीनवर अपूर्ण आवृत्तीचे प्रोग्राम ठेवायचे नाहीत. पुढच्या सोमवारी तपासनीस येणार, आणि ज्याचा आकडा एकपेक्षा कमी ते सगळं पुसणार. अकरा मुलं पाटीवर बोलतात. त्यातली एक तर नऊ वर्षांची वकीलबाई, जी सकाळी आल्या आल्या पहिला शब्द "नाही" दाबते आणि मग दिवसभर प्रत्येक गोष्टीवर वाद घालते. तिला गप्प बसवायची माझी हिंमत नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. शेवटी विनंती होती: तुम्ही फक्त आकडा बदलाल का?

एका मिनिटाचं काम. पण इथेच घोडं पेंड खात होतं. नुसता आकडा बदलणं म्हणजे कच्च्या भांड्यावर पक्कं म्हणून शिक्का मारणं, असं याचं म्हणणं. ताईने कापड कापता कापता ते सगळं ऐकून घेतलं.

"पाटी बोलते ना?" तिने विचारलं.

"बोलते. पण एकेचाळीस तक्रारी आहेत."

"माझ्याकडे ये, मी तुला प्रत्येक कपड्यातल्या एकेचाळीस चुका दाखवते. काम कधी संपत नसतं रे. द्यायचा दिवस येतो."

त्याला ते पटलं नाही, पण बाईंना नाही म्हणणंही जमेना. मग त्याने मधला मार्ग काढला, जो हट्टी माणसं नेहमी काढतात: आकडा बदलायचा, पण तो खरा ठरेल इतकं काम करून. गोदामवाल्यांकडून चार दिवसांची रजा घेतली आणि यादी हातात घेतली. मंगळवारी बारा तक्रारी निकाली निघाल्या, बुधवारी चौदा. इतकी घाई त्याने आयुष्यात कधी केली नव्हती. ताई वर येऊन अंडी-पाव ठेवून जायची आणि दोन तासांनी ताट तसंच परत न्यायची.

गुरुवारी यादीतली ती तक्रार पुढ्यात आली जिची त्याला कित्येक वर्षं लाज वाटत होती. कोणीतरी लिहिलं होतं की चित्राला बोट लावलं की पाटी लगेच बोलत नाही, किंचित अडखळते. खाली अकरा जणांनी आपलंही तेच मत असल्याची खूण केली होती. शोधल्यावर ओळ सापडली. बोट टेकल्यापासून ते चार दशांश सेकंद हललं नाही, तरच बोल, असं ती ओळ सांगत होती. का, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. कुठल्या शहाण्याने ही ओळ घातली, असं तो पुटपुटला. प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिलेला असल्यामुळे शहाण्याचा शोध लांब घ्यावा लागणार नव्हता.

पाटीला हातभार लावू इच्छिणाऱ्यांसाठी त्याने स्वतः नियम लिहून ठेवले होते. त्यातला पहिला: कुठलीही ओळ काढण्याआधी ती का आली ते इतिहासात बघा. प्रत्येक बदलाची तारीख आणि त्यासोबत लिहिलेली टीप जपून ठेवलेली असते. एक आज्ञा दिली की समोर येते. या नियमावरून त्याने परक्या देशातल्या दोघाचौघांना चांगलं फैलावर घेतलं होतं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. अजून नऊ तक्रारी बाकी होत्या आणि ओळ त्याचीच होती. त्याने ती काढून टाकली. पाटी बोट लागताच बोलू लागली, चटचट, एखाद्या महागड्या मशीनसारखी. त्याला फार बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता त्याने एक पूर्णांक शून्य आवृत्ती जाहीर केली. तीन देशांतून अभिनंदन आलं. ताईने दुकान अर्धा तास आधी बंद केलं, वर आली, कपातला स्क्रू त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, आता हाही होऊन जाऊ दे. त्याने फळीला चौथा स्क्रू लावला.

सोमवारी तपासनीस आले, आकडा बघितला, सही करून गेले. मंगळवारी सकाळी बाईंचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बाईंचा आवाज संकोचलेला होता. पाटी फार बोलायला लागली आहे, त्या म्हणाल्या. वकीलबाईला तहान लागली होती, तिने बोट नेलं, तर पाटी म्हणाली, पाणी नको पाणी आई दुखतंय नको काका. वर्गात एकजण हसला, मग सगळेच हसले. पोरीने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच गोंधळ. तिने कोपराने पाटी टेबलाखाली ढकलली. कालपासून ती पाटीला हात लावत नाही. आज सकाळी "नाही" सुद्धा म्हणाली नाही.

"माझ्याकडे तर नीट चालतंय," तो म्हणाला.

या धंद्यातल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य शिंकेसारखं निघतं. निघाल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. त्याने बाईंना सांगितलं, मी येतो.

दोन तासांचा बसप्रवास होता. शाळेतल्या खुर्च्या लहान मुलांच्या, टेबलं चाकांच्या खुर्च्या आत जाव्यात म्हणून कापलेली. वकीलबाई खिडकीशी होती. केस घट्ट बांधलेले, दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. बाजूला एक मुलगा पाटीवर काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. त्याचं बोट चित्राकडे जाताना वाटेत चार चित्रांना घासत जाई आणि पाटी ती चारही ओरडून मोकळी होई. ज्यांच्यासाठी पाटी लिहिली ती माणसं पाटी वापरताना तो आईनंतर प्रथमच पाहत होता. नऊ वर्षं त्याने ती स्वतःच्या धडधाकट बोटाने तपासली होती.

भिंतीशी एका बुटक्या खुर्चीवर बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि गुरुवारी जे करायला हवं होतं ते आता केलं. काढलेल्या त्या ओळीचा इतिहास मागितला. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. टीप त्याचीच:

"आईचा हात थरथरतोय. तिचं बोट ठरेपर्यंत थांब."

त्याला तो दिवस आठवला. पाटी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी आईचं बोट चित्रांवरून घरंगळत होतं आणि पाटी भलभलतं बोलत होती, आणि आईने लाजून हात पांघरुणाखाली घेतला होता. त्याने तिथेच पलंगाशी बसून ती ओळ घातली होती. संध्याकाळी आई म्हणाली, "जेव." हे सगळं तो विसरला कसा? आईचं दुखणं विसरायला त्याने इतकी वर्षं खटपट केली होती, आणि त्या खटपटीत आईचा हातही विसरला होता. जिची लाज वाटत होती तीच ओळ पाटीतली एकमेव पूर्ण गोष्ट होती. त्याचे डोळे भरून आले, आणि बाईंसमोर ते लपवायचं कसं हेही त्याला सुचेना.

त्याने ओळ परत घातली. या वेळी तिच्या डोक्यावर टीपही लिहिली, उघड, कोणालाही वाचता येईल अशी: ही अडखळ नाही, ही वाट पाहणं आहे, काढू नका. नवी आवृत्ती वर्गातल्या टॅबवर चढवली आणि पाटी वकीलबाईच्या टेबलावर ठेवली. ती बघेना. बाई समजावू लागल्या तसा तो म्हणाला, थांबा, मला बोलू द्या.

तो तिच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. "ही पाटी मी केली आहे," तो म्हणाला. "तुझा हात बरोबर होता. चूक माझी होती. घाईत झाली."

मग एक मूठ हळूहळू सुटली. बोट निघालं, भूकवरून गेलं, नकोवरून गेलं, आईला घासून गेलं. पाटी गप्प राहिली. बोट थरथरत एका चित्रावर आलं आणि ठरलं.

"पाणी," पाटी म्हणाली. एकदाच.

बाई धावत जाऊन पेला घेऊन आल्या आणि तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड घट्ट मिटलं. बोट पुन्हा निघालं.

"नाही."

बाईंना हसू फुटलं. वकीलबाई परत आल्या होत्या. पण तिचं म्हणणं संपलं नव्हतं. बोट पाटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. त्या प्रवासाला खूप वेळ लागला आणि वर्गात कोणी हसलं नाही. सगळ्यांत शेवटच्या चित्रावर ते टेकलं. पाटीने चार दशांश सेकंद वाट पाहिली.

"काका."

आणि तिने मान वाकडी करून त्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. बाईंनी पेला त्याच्याकडे दिला. गुडघ्यावर बसल्या बसल्या तो सगळं पाणी प्यायला, आणि ती नजर न हलवता पेला रिकामा होईपर्यंत बघत राहिली.