डाव्या हाताची सही

ऑर्लो हॅस्केटची सही मला खोटी वाटली. ते पाकीट मीच बाजूला काढलं.

आमच्या पूर्व ऑरेगनमध्ये मतपत्रिका टपालाने घरी येते. घरी बसून उमेदवार निवडायचे, कर, रस्ते, शाळा अशा प्रश्नांवर हो की नाही ते नोंदवायचं, पाकिटावर सही करायची आणि परत पाठवायचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून निवडणूक आली की मी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, ऑफिसात या सह्या जुळवायला बसते. ऑर्लोची जुनी सही ऐटदार होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. या पाकिटावर नुसत्या काड्या, एकमेकींवर पडलेल्या.

नियमाप्रमाणे त्याला पत्र गेलं. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"मी म्हणजे मी नव्हेच, असं कळवलंय तुम्ही!"

"सही जुळत नाही, ऑर्लो."

"कशी जुळेल? उन्हाळ्यात झटका आला, उजवा हात गेला. डाव्यानं केलीय."

नव्या सहीचा फॉर्म मंगळवारपर्यंत भरून यायला हवा होता. ऑर्लोला आता गाडी चालवता येत नव्हती, आणि फोननंतर पडलेल्या बर्फामुळे टपालगाडी त्याच्या बाजूला फिरकेनाशी झाली होती. मग काउंटीच्या निवडणुका सांभाळणाऱ्या आमच्या क्लार्कबाईंनी दोन पक्षांची दोन माणसं पाठवायचं ठरवलं. एक मी, दुसरा डेलमर. माझं आणि डेलमरचं तिसरीपासून पटलेलं नाही.

सत्तर मैलांचा रस्ता. डेलमर वाटेत हसायला लागला.

"टपालाच्या मतदानाला सगळ्यात जास्त विरोध कोणी केला होता, आठवतं? याच ऑर्लोनं. भर सभेत म्हणाला, 'मत म्हणजे काय विजेचं बिल आहे, पोस्टात टाकायला? माणसानं धुतलेला शर्ट घालावा आणि चारचौघांत जाऊन मत द्यावं!'"

"आणि तू टाळ्या वाजवल्यास."

"अजूनही वाजवीन. पण आज त्याच्याच टपालातल्या मतासाठी गाडी कोण हाकतोय, ते बघ."

ऑर्लोनं दार उघडलं. एकटाच होता. उजवा हात कोटाच्या खिशात खोचलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतदारांची माहितीपुस्तिका होती, पानं फुगून दुप्पट झालेली. समासात पेन्सिलीच्या वाकड्या खुणा.

"अकरा दिवस वाचत होतो," तो म्हणाला. "पूर्वी बूथमध्ये मागे रांग असायची, निम्मे प्रश्न मी न वाचताच ठोकून द्यायचो. या वेळी शेजाऱ्याला दोनदा फोन करून भांडलो. एका प्रश्नावर माझं मत बदललंसुद्धा!"

"मग सभेत चुकलात म्हणा की," डेलमर म्हणाला.

"चुकलो कुठे? घरी मत देतानाही शर्ट धुतलेलाच घातला होता."

मी फॉर्म काढला. तेवढ्यात त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं.

"बाई, आधीच सांगतो. दोन शाळा एकत्र करायच्या, असं मत दिलंय मी. तुमची शाळा बंद होईल त्यानं. वाटलं तर जा परत."

त्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं होतं. ती वाचावी म्हणून या शरद ऋतूत मी दारोदार फिरले होते. डेलमर खिडकीबाहेर बघू लागला.

"बसा," मी म्हणाले. "फॉर्म सरकू नये म्हणून मी दाबून धरते."

ऑर्लोनं पेन मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं. पहिल्या अक्षराला जवळजवळ मिनिट लागलं. मग तो थांबला, श्वास घेतला. कपाळावर घाम आला. मी शेकडो मुलांना अक्षरं गिरवताना पाहिलंय, पण इतका जीव ओतून कोणी एक रेघ ओढलेली पाहिली नव्हती. माझ्या बोटांखालचा कागद थरथरत होता. डेलमरनं कधी टोपी काढली, कळलं नाही.

शेवटच्या अक्षराला त्यानं शेपटी ओढली. लांबलचक. कागदावरून ती माझ्या अंगठ्यापर्यंत आली.

"हं," ऑर्लो म्हणाला. "आता मी आहे."

सोमवारी त्याचं पाकीट मंजूर झालं. बाहेरच्या पाकिटातून आतलं बिननावाचं पाकीट निघालं, ते इतर पाकिटांत मिसळलं. मग सगळी उघडली आणि मतपत्रिकांचा गठ्ठा सपाट करून टेबलावर ठेवला. मी जवळ जाऊन उभी राहिले. यातली ऑर्लोची कुठली, हे आता जगात कोणालाच सांगता आलं नसतं. अशी किती टेबलं, किती फुगलेल्या पुस्तिका, किती थरथरते हात त्या गठ्ठ्यात असतील! मोजणाऱ्या पोरीनं दोन्ही हातांनी तो उचलला आणि यंत्रात सरकवला.

शाळा दोनशे बारा मतांनी गेली. जूनमध्ये माझ्या जुन्या वर्गातला फळा मी स्वतः पुसला.