रुमाल टाकलेली जागा

सकाळीच महादेवप्पा सरांच्या क्लासमधले सगळे संगणक एकच रडगाणं गाऊ लागले: परवाना देणारा सर्व्हर सापडत नाही. सर्व्हरला जोडून काम करायची फुकटची चार महिन्यांची मुदत संपली होती. तासाभरात नीटच्या सराव परीक्षेचा निकाल लावायचा, आणि बाहेर पालक जमलेले.

सर दारातल्याच खुर्चीत बसले होते. किल्लारीच्या भूकंपात भिंत अंगावर आल्यापासून ते दार सोडून बसत नसत; सर्व्हरही त्यांनी तळमजल्यावरच ठेवलेला. संगणक सांभाळणाऱ्या सत्यमला म्हणाले, परवाने आणून ठेवलेत, मग चढवायला मुहूर्त पाहिजे का?

सत्यम ॲडमिनच्या वाटेनं रिमोटवर आत शिरला. परवाने चढवले, तरी एरर हटेना. आता सर्व्हर एकदा रीस्टार्ट करणं भाग होतं, आणि तेच तर तो चार महिने टाळत आला होता. अपडेट आलं की पुढं ढकलायचा, लाइट गेली की इन्व्हर्टरकडं धावायचा. कारण सर्व्हरवरच्या लॉगिनच्या यादीत त्याच्या नावाखाली अजून एक नाव होतं: सुकन्या, डिस्कनेक्टेड.

हा सर्व्हर तिनंच उभा केलेला. नांदेडला नोकरी लागली तशी गेली, जाताना साइन-आउट न करता. सत्यमला शिकवताना तीच म्हणाली होती, नुसती खिडकी बंद करून गेलं की आपली जागा राहते, एसटीत रुमाल टाकल्यासारखी. रीस्टार्ट केलं की रुमाल गेला.

त्यानं फोन लावला. पहिल्यांदाच.

"मॅडम, रीस्टार्ट करायलोय. तुमचं लॉगिन चालूच हाय. काही सेव्ह करायचं राहिलंय का?"

पलीकडून रेल्वेची घोषणा ऐकू आली. मग ती म्हणाली, "आज दिसलं होय तुम्हाला?"

"न्हाई. तुम्ही गेलात त्याच दिवशी."

"मला वाटलं, दुसऱ्या दिवशी विचाराल. म्हणून तर ठेवलं होतं."

दारातून सरांनी खाकरून घेतलं.

"करा आता," ती म्हणाली. "पोरं खोळंबली असतील."

त्यानं बटण दाबलं. पडदा काळा झाला, परत उजळला. वरच्या मजल्यावरून एका मास्तरांची आरोळी आली की झालं चालू. यादीत आता एकटा सत्यम.

सर म्हणाले, एवढंच होतं तर चार महिने काय केलंस?

सत्यमचा फोन अजून कानाला होता, आणि पलीकडं नांदेडच्या स्टेशनात गाडी सुटत होती. तिनंही ठेवला नव्हता.