डब्यात गेलेल्या हाका

मानवाने जेव्हा जेव्हा आभाळाला हाक मारली, तेव्हा तेव्हा इतिहास थबकून उभा राहिला आहे. आमच्या ताईने हाक मारली तेव्हा फक्त इमारतीची लिफ्ट थांबली. तीही दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिथे ती गेली अकरा वर्षं थांबतेच आहे.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे एकसष्टची. तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या खोलीत ती शिवणकाम करते. इमारतीतल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत आहेत आणि ती ती कुणाला सांगत नाही, त्यामुळे तिला फार मान आहे. शिवाय चाळीस वर्षांत तिचं एकही माप चुकलेलं नाही, असं ती स्वतः सांगते.

मागच्या वर्षी शिलाई मशीनची मोटर दुरुस्त करायला एक मेकॅनिक आले. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी मोटर दुरुस्त केली आणि ताईला बिघडवलं. हौशी रेडिओ नावाची एक चीज असते. घरबसल्या आपल्या यंत्रावरून जगातल्या कुठल्याही हौशी माणसाशी बोलता येतं. मध्ये टेलिफोन नाही, इंटरनेट नाही. नुसती एक तार आणि वर आभाळ. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते.

मी म्हणालो, "ताई, ह्या वयात?"

"मग कोणत्या वयात? मेल्यावर वर जाऊन समोरासमोरच बोलू का?"

कॉलरी शिवता शिवता तिने पाठांतर केलं, पहिल्या फटक्यात पास झाली आणि परवान्याला चौकट करून तो मशीनच्या वर टांगला. ऐकायला तिने एक जुना रेडिओ घेतला, त्याची वीतभर तार खिडकीच्या गजाला बांधली. बोलायचं यंत्र वेगळं. ते मास्तरांच्या देखरेखीखाली स्वतः जोडलं. त्याची लांब तार गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत. तार तिने शिवणाच्या टेपने मापली आणि सवयीने दोन्ही टोकांना चार बोटं जास्त सोडली. मास्तर खूश झाले. "बरोबर! आधी लांब ठेवायची, मग बेताने कातरायची. तुम्हाला शिकवायचं काय?"

मग रोज चार ते पाच ताई माइकसमोर बसू लागली. "सीक्यू, सीक्यू" म्हणायचं, म्हणजे 'आहे का कुणी?', आणि पाठोपाठ परवान्यावरचं आपलं नवं अक्षरी नाव सांगायचं. ऐकायच्या रेडिओवर जगभरची माणसं हवापाण्याच्या गप्पा मारत होती. ताईला मात्र कुणी ओ देईना. प्रत्येक हाकेची वेळ ती वहीत लिहीत होती. आठ दिवसांत दोनशे बारा हाका झाल्या. उत्तराचा रकाना कोराच.

जगाला ऐकू गेलं नाही, इमारतीला मात्र फार बाधलं. आठव्या दिवशी, शनिवारी, जिन्यात सूचना लागली: 'गच्चीवरील घातक तार उतरविण्याबाबत तातडीची सभा. रविवार, सकाळी दहा.' खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष म्हणजे निवृत्त वजनमाप निरीक्षक. बोलायला उभे राहिले की खाली बसायचं विसरतात.

रविवारी नऊला मास्तर धीर द्यायला आले. ताईने यंत्र लावून तारेतला दोष दाखवणारा काटा दाखवला. "बघा, काटा कसा जागच्या जागी! काही म्हणजे काही दोष नाही."

मास्तरांनी काट्याकडे संशयाने पाहिलं. "एवढी गुणी तार मी तीस वर्षांत बघितली नाही," असं म्हणत ते टेबलाखाली वाकले आणि तिथेच थोडा वेळ राहिले. मग खालूनच आवाज आला, "ताई, हा खटका कुणीकडे आहे?"

टेबलाखाली रंगाचा एक जुना डबा होता, तेलाने भरलेला. यंत्राची चाचणी घेताना दुसऱ्यांना त्रास नको म्हणून ते तारेऐवजी ह्या डब्याला जोडतात. यंत्रातून निघालेलं सगळं डब्यातल्या तेलात जिरतं, तेल कोमट होतं, बाहेर काही जात नाही. खटका एकीकडे केला की तार, दुसरीकडे केला की डबा. चाचणी होऊन नऊ दिवस झाले होते. खटका डब्याकडेच होता.

ताई मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे आठ दिवस मी..."

"डब्याशी बोललात," मास्तर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. नवशिक्यांतले निम्मे असं करतात. उरलेले निम्मे कबूल करत नाहीत."

मी म्हणालो, "मग आपणही कबूल करायचं नाही. गुपचूप खटका फिरव. माप चुकलं असं एकदा बायकांना कळलं की धंद्याची अब्रू गेली."

ताई उठली, डबा पुसला, पिशवीत घातला. "चल. आधी त्यांना बोलू दे."

सभा तळमजल्यावर होती. अध्यक्षांनी यादी वाचली. पहिल्या मजल्यावर टीव्हीत रेघा. दुसऱ्यावरच्या दंतवैद्याची खुर्ची पेशंटसकट आपोआप वर. लिफ्ट. दोन घरांत दूध नासलं. खुद्द अध्यक्षांचा रक्तदाब.

"हे सगळं माझ्या लाटांमुळेच?" ताईने विचारलं.

"शंभर टक्के!"

"गेल्या आठ दिवसांत, चार ते पाच?"

"अगदी घड्याळ लावून!"

"मग तसं लिहा आणि सह्या करा. उद्या कुणी नाही म्हणायला नको."

सह्या झाल्या. दंतवैद्यांनी तारीखही घातली. तेव्हा ताईने डबा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्याकडून चूक झाली," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिली. आठ दिवस माझं यंत्र गच्चीवरच्या तारेला जोडलेलंच नव्हतं, ह्या डब्याला होतं. ह्यातून बाहेर काही येत नाही. हे मास्तर, ह्यांना विचारा. मी एकही लाट सोडलेली नाही. हसायचं असेल तर हसून घ्या."

कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या सहीकडे बघत होते.

अध्यक्ष सावरले. "ह्याला पुरावा काय?"

"ही वही. दोनशे बारा हाका मारल्या आणि ओ देणारा एक नाही. असं एरवी फक्त तुमच्या भाषणानंतर होतं."

आता मात्र हसले. मागच्या बाकावर अध्यक्षांच्या सौ. सगळ्यांत जास्त.

"म्हणजे तुम्ही आठ दिवस बोललाच नाहीत!"

"बोलले. कुणी ऐकलं नाही. बाईला त्याची सवय असते." ताईने डबा उचलला. "आता ऐका. माझ्याकडे परवाना आहे. आज चार वाजता मी खटका तारेकडे करणार. ज्याला त्रास होईल त्याने वेळ लिहून वर यावं, माझ्या वहीशी ताडून बघू. खरंच माझ्यामुळे असेल तर मी दुरुस्त करीन. पण तार उतरणार नाही. ज्याला उतरवायचीय त्याने ह्या सह्या घेऊन परवाना देणाऱ्या कचेरीत जावं आणि साहेबांना सांगावं की डब्याने आमचं दूध नासवलं."

तार उतरवण्याच्या बाजूने एकच हात वर झाला. तोही मनगटावरचं घड्याळ बघितल्यासारखं करून खाली आला.

चार वाजता ताईने खटका फिरवला. काटा पहिल्यांदाच जरासा थरथरला. "ही खरी तार," मास्तर म्हणाले. एकविसाव्या हाकेला समुद्रापलीकडून एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याने ओ दिली. ताई एवढी घाबरली की स्वतःचं अक्षरी नाव विसरली आणि वर टांगलेला परवाना वाचून सांगितलं. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे छान जुळलं. आवाज स्वच्छ येतोय, म्हणाला. ताईने उत्तराच्या रकान्यात पहिली ओळ लिहिली. पेनातून शाई कमी आणि डोळ्यांतून पाणी जास्त आलं; मी खिडकीकडे बघत होतो असं समजावं.

तेवढ्यात बेल वाजली. ताईने पदर खोचला, कातरी हातात घेतली. "आले वाटतं वेळ लिहून! येऊ देत!"

दारात अध्यक्षांच्या सौ. होत्या. त्यांनी जिन्यात मागे वळून पाहिलं, आवाज खाली आणला.

"ताई, त्या डब्यात बोललेलं अजिबात बाहेर जात नाही ना?"

"नाही."

"मग तो डबा दोन दिवस आमच्या ह्यांच्यासाठी द्याल का? उद्या आमच्याकडे व्याही येतायत."